मेळघाट : पूर्णा आणि तापी यांच्यामधला वनप्रदेश

पश्चिम विदर्भातील पूर्णा नदीचे काळ्या मातीचे मैदान अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतून उत्तरेकडे पसरत जाते, अचलपूर-परतवाडा आणि अकोट ही बाजारपेठेची गावे ओलांडते आणि मग काही किलोमीटरच्या अंतरातच ते अचानक संपते. समुद्रसपाटीपासून साधारण पावणेचारशे मीटर उंचीच्या या सपाट प्रदेशासमोर गाविलगड डोंगररांगांचा कडा भिंतीसारखा उभा राहतो आणि त्याच्या माथ्यावरचे वैराट हे ठिकाण ११७८ मीटरपर्यंत पोहोचते. कड्याच्या पलीकडे, उत्तरेला आणि वायव्येला, डोंगर एका झटक्यात उतरत नाहीत. अनेक समांतर सोंडा, खोल घळ्या आणि लांबट खोरी यांच्या रूपाने ते तापी नदीपर्यंत हळूहळू खाली जातात. कडा आणि तापी यांच्यामधला हा वनाच्छादित, उंचसखल मुलूख म्हणजे मेळघाट होय. प्रशासकीय दृष्टीने त्याचा गाभा अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांत येतो, तर दक्षिण उतारांचा काही भाग अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत मोडतो.

सातपुड्याचा उल्लेख नर्मदा आणि तापी यांच्यामधली पर्वतरांग असा केला जातो, आणि मुख्य रांगेपुरता तो बरोबरही आहे. सातपुड्यातच गणल्या जाणाऱ्या गाविलगडाच्या रांगा मात्र या व्याख्येत पूर्णपणे बसत नाहीत, कारण त्या तापीच्या दक्षिणेला आहेत. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ तापी उगम पावते, आणि तिची मोठी उपनदी असलेली पूर्णा त्याच जिल्ह्यात भैंसदेहीच्या परिसरात उगम पावून दक्षिणेकडे उतरते. या दोन नद्या गाविलगडाला दोन्ही बाजूंनी वळसा घालतात आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे एकमेकींना मिळतात. म्हणजे वैराटच्या माथ्यावर पडलेला पाऊस उत्तरेच्या ओढ्याने गेला काय किंवा दक्षिणेच्या कड्यावरून कोसळला काय, अखेर तो तापीतच पोहोचतो. फक्त एक वाट अरण्यातून जाते आणि दुसरी कापसाच्या शेतांतून. मेळघाटचा भूगोल, त्याचा इतिहास आणि तेथे जाणाऱ्या पर्यटकाला मिळणारा अनुभव या तिन्ही गोष्टी या असमान उतारांशी बांधलेल्या आहेत. महाराष्ट्रातील बहुतेक पर्यटक मात्र हा प्रदेश वाघ दिसतो की नाही एवढ्याच कसोटीवर पाहतात, आणि त्यामुळे येथील सर्वांत मोलाची गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटते.

दक्षिणेचा कडा इतका सरळ आणि उभा का आहे, याचे उत्तर भूगर्भात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे प्रवाह एकावर एक साचत गेले आणि त्यांपासून बेसॉल्ट या काळ्या अग्निज खडकाचे आडवे थर तयार झाले. गाविलगडाचा डोंगर मुख्यतः याच थरांचा बनलेला आहे. पुढील काळात भूकवचाला तडा जाऊन त्याच्या एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूच्या तुलनेत खाली सरकला. अशा सरकलेल्या तड्याला भूशास्त्रात विभंग म्हणतात, आणि गाविलगडच्या पायथ्याशी पूर्व-पश्चिम धावणारा असा विभंग भूशास्त्रज्ञांना चांगला परिचित आहे. उत्तरेची बाजू उंच राहिली, दक्षिणेची बाजू खचली, आणि त्या खचलेल्या भागात डोंगरावरून वाहून आलेला गाळ थरावर थर साचत पूर्णेचे मैदान तयार झाले. आज वऱ्हाडातील ज्या सुपीक जमिनीत कापूस, तूर आणि संत्री पिकतात, तिचा मोठा हिस्सा या डोंगराच्या झिजेतून आलेला आहे.

या विभंगाच्या खुणा पूर्वेकडे अमरावती जिल्ह्याच्या सीमेवरील सालबर्डी येथे विशेष स्पष्ट दिसतात. तेथे बेसॉल्टखाली गाडलेले, त्याच्याहून कितीतरी जुने गोंडवनी खडक वर आलेले आहेत, म्हणजेच दक्षिणेकडील खंड एकमेकांना जोडलेले असताना नद्यांनी साचवलेल्या वाळूचे आणि गाळाचे दगड तेथे उघडे पडले आहेत. त्यांच्या आणि बेसॉल्टच्या मध्ये सापडणाऱ्या लॅमेटा या थरात डायनोसॉरचे अवशेष मिळाले आहेत. त्याच परिसरात गरम पाण्याचे झरेही आहेत, कारण भूगर्भात खोलवर मुरलेले पाणी विभंगाच्या फटीतून तापून वर येते. महाशिवरात्रीला सालबर्डीच्या यात्रेसाठी येणारे हजारो भाविक ज्या डोंगरातून चालत जातात, तो महाराष्ट्रातील भूशास्त्राच्या अभ्यासकांसाठीही तितकाच महत्त्वाचा आहे, हे शाळांच्या सहली आखणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

लाव्हाचे सगळे थर एकसारखे नसतात. काही थर घट्ट आणि कठीण असतात. काहींमध्ये वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यामुळे असंख्य छिद्रे असतात आणि ते लवकर झिजतात. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तयार झालेल्या मातीचे, वरच्या लाव्हाने भाजून निघालेले तांबडे पट्टेही अधूनमधून दिसतात. कठीण थर कड्याच्या रूपाने टिकतो आणि मऊ थर झिजून त्याच्याखाली उताराची पायरी तयार होते, म्हणून मेळघाटचे डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे भासतात. याच रचनेमुळे पाण्याचेही गणित ठरते. घट्ट बेसॉल्ट पाणी फारसे शोषत नाही. ते तड्यांतून आणि छिद्रमय थरांतून वाट काढते आणि पुढचा अभेद्य थर लागला की उताराच्या कडेला झिऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. कोरडा वाटणाऱ्या डोंगराच्या मधल्याच एखाद्या पायरीवर उन्हाळ्यातही ओल आणि हिरवाई का आढळते, याचे कारण हेच आहे.

उत्तरेच्या बाजूने खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या मेळघाटचे पाणी तापीकडे नेतात. त्यांपैकी सिपना ही पर्यटकांना सर्वांत परिचित, कारण सेमाडोह आणि कोलकास ही दोन्ही वनविश्रामाची ठिकाणे तिच्या काठावर आहेत. पावसाळ्यात या नद्या काही तासांत दुथडी भरतात, आणि उतार तीव्र असल्यामुळे तितक्याच लवकर ओसरतात. मार्चनंतर त्यांचा प्रवाह बहुतेक ठिकाणी तुटतो, आणि मग पाणी फक्त डोहांमध्ये शिल्लक राहते. डोह म्हणजे वळणावर किंवा कठीण खडकाच्या पायथ्याशी पुराच्या पाण्याने खोदून काढलेला खोलगट भाग. सिपनेच्या अशा डोहांमध्ये महाशीर हा मोठा, स्वच्छ वाहत्या पाण्याचा मासा टिकून राहतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत गव्यापासून मुंगसापर्यंत सगळ्या प्राण्यांचे दिवसाचे वेळापत्रक याच डोहांभोवती फिरते. ज्याला मेळघाटचे वन्यजीवन समजून घ्यायचे आहे त्याने या डोहांचा नकाशा मनात ठेवला तर जंगलातल्या हालचालींचा अर्थ बराचसा आपोआप उलगडतो.

हवामानातही हाच चढउतार दिसतो. नैर्ऋत्य मोसमी वारे वऱ्हाडच्या मैदानावरून येताना गाविलगडाच्या कड्याला अडतात, वर ढकलले जातात, थंड होतात आणि पाऊस देतात. त्यामुळे चिखलदऱ्याला पायथ्याच्या गावांच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो. वैराट आणि चिखलदरा यांचा माथा जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात बुडालेला असताना वीस-पंचवीस किलोमीटरवरील शेतकरी पावसाची वाट पाहत असतो, अशी परिस्थिती काही वर्षी उद्भवते. हिवाळ्यात उलट घडते. निरभ्र रात्री जमीन उष्णता गमावते, तिच्या लगतची हवा थंड आणि जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. या प्रक्रियेला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत नदीकाठच्या खोऱ्यांतली पहाट चिखलदऱ्याच्या माथ्यावरील पहाटेपेक्षाही अधिक बोचरी असू शकते. थंड हवेच्या ठिकाणाहून खाली उतरताना उबदार कपडे पिशवीत टाकून देणाऱ्या प्रवाशाने हे ध्यानात ठेवावे.

मेळघाटचे अरण्य शुष्क पानझडी प्रकारचे आहे, म्हणजे कोरड्या ऋतूत बहुतेक झाडे पाने गाळून पाण्याची बचत करतात. सागाचे प्रमाण सर्वाधिक आहे, कारण बेसॉल्टच्या झिजेतून तयार झालेली, पाण्याचा निचरा होणारी मुरमाड जमीन सागाला मानवते. त्याच्यासोबत ऐन, धावडा, तिवस, हळदू, मोह, तेंदू आणि आवळा ही झाडे आढळतात. उथळ मातीच्या, तापणाऱ्या धारांवर फिकट सालीची सालई उभी असते. उतारांवर मानवेल जातीचा बांबू दाटतो आणि नदीकाठी जांभूळ, अर्जुन, करंज यांची सावली वर्षभर टिकते. या जंगलाला दोन ऋतूंत दोन वेगळी रूपे असतात असे म्हणणेही अपुरेच ठरेल. फेब्रुवारीच्या अखेरीस साग निष्पर्ण होत असताना पळस फुलतो. मार्च-एप्रिलमध्ये सगळे डोंगर करडे झाले असता कुसुमाच्या झाडांना लालभडक कोवळी पालवी फुटते. आणि जुलै-ऑगस्टमध्ये सागाच्या शेंड्यांवर पांढुरक्या फुलांचे मोठे गुच्छ येतात, जे गाडीतून मान वर न करणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. उघड्या सागवनाला कुरूप मानण्याची एक सवय आहे. वास्तविक पाने गळाल्यावरच डोंगरांचे कडे, पायऱ्या आणि घळ्या यांची रचना नजरेत भरते, आणि पक्षी व प्राणी दिसण्याची शक्यताही तेव्हाच वाढते.

या सागवनाने पक्षिशास्त्राला एक मोठी भेट दिली आहे. रानपिंगळा या लहान घुबडाची शास्त्रीय नोंद १८७३ मध्ये झाली, १८८४ पर्यंत त्याचे केवळ सात नमुने गोळा झाले आणि त्यानंतर शतकभराहून अधिक काळ तो कोणाला खात्रीने दिसला नाही. मधल्या काळात १९१४ सालचा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता, पण तो ब्रिटिश संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागन याने दुसऱ्याचा जुना नमुना चोरून त्याला खोटी माहिती चिकटवलेला होता, असे पुढे तपासात उघड झाले. त्या खोट्या नोंदीमुळे शोध भलत्याच दिशेने चालला होता. ती बाजूला ठेवून जुन्या अस्सल नमुन्यांची ठिकाणे तपासत पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ पोहोचले, आणि तेथे हा पक्षी जिवंत आढळला. नंतरच्या सर्वेक्षणांत मेळघाटात त्याची चांगली संख्या असल्याचे स्पष्ट झाले. रानपिंगळा इतर अनेक घुबडांप्रमाणे केवळ रात्री बाहेर पडत नाही. तो दिवसाही शिकार करतो आणि विरळ, मोकळ्या सागवनात उघड्या फांदीवर बसतो. जगात फक्त भारतातील मर्यादित पट्ट्यांत असलेला हा पक्षी पाहण्यासाठी परदेशातून अभ्यासक येतात, ही गोष्ट विदर्भातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवी.

वाघाच्या संदर्भात मेळघाटचे स्थान ऐतिहासिक आहे. १९७३ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते, आणि महाराष्ट्रातील ते पहिलेच. आज गुगामल राष्ट्रीय उद्यान, मेळघाट अभयारण्य आणि दक्षिण उतारांवरील नरनाळा, वान व अंबाबरवा ही अभयारण्ये मिळून बफरसह या प्रकल्पाचे क्षेत्र २७०० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. गाभा म्हणजे जेथे वन्यजीवांच्या गरजेला सर्वोच्च अग्रक्रम दिला जातो तो भाग, आणि बफर म्हणजे त्याच्याभोवतीचा, गावे आणि शेती सामावून घेणारा पट्टा. ताडोब्यासारख्या तुलनेने सपाट, तलावांच्या जंगलात रस्त्यावरून वाघ दिसणे सोपे जाते; मेळघाटात एकच वाघ एका सकाळी तीन घळ्या ओलांडू शकतो आणि त्यांपैकी दोन घळ्यांत जीप पोहोचत नाही. दुर्गमता हेच येथील वाघांचे संरक्षण आहे. म्हणून ‘वाघ दिसला नाही’ या तक्रारीवरून मेळघाटला कमी गुण देणे म्हणजे ज्या गुणामुळे हे जंगल टिकले त्याच गुणाला दोष देण्यासारखे आहे. गवा, सांबर, भेकर, चौशिंगा, अस्वल, बिबट्या आणि रानकुत्र्यांचे कळप येथे आहेत, आणि त्यांच्या खुणा वाचायला शिकणे हा येथील वनभ्रमंतीचा खरा आनंद आहे.

हाच उतार इतिहासातही निर्णायक ठरला. कड्याच्या एका सुट्या सोंडेवर उभारलेला गाविलगड किल्ला बहमनी काळापासून वऱ्हाडच्या सत्तेची किल्ली मानला जाई. त्याच्या तीन बाजूंना खोल दऱ्या आहेत आणि केवळ उत्तरेकडे एका अरुंद मानेने तो डोंगराशी जोडलेला आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत विजय मिळवल्यावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याने नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातील या किल्ल्याकडे मोर्चा वळवला. दक्षिणेच्या मैदानातून तो दिसतो जवळ, पण तेथून तोफा वर चढवणे शक्य नव्हते. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून मोठा वळसा घेतला. सैनिकांनी जंगल तोडून वाट केली आणि जड तोफा हाताने ओढत उत्तरेच्या बाजूला आणल्या. तटाला खिंडारे पडल्यावर १५ डिसेंबर रोजी किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला, आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, पायथ्याच्या देवगाव येथे भोसल्यांशी तह झाला. आज किल्ल्याच्या दिल्ली दरवाजावरील शिल्पे पाहून परत फिरणाऱ्या पर्यटकाने जरा पुढे जाऊन उत्तरेची ती मान आणि तिच्यापुढची दुहेरी तटबंदी पाहावी. किल्ला कोठे बलवान होता आणि कोठे दुबळा, हे तेथे उभे राहिल्यावर नकाशाविनाच कळते. अकोट तालुक्यातील नरनाळा किल्लाही याच कड्याच्या एका टोकावर आहे. त्याच्या महाकाली दरवाजाचे कोरीव काम गाविलगडापेक्षा अधिक नाजूक आहे, आणि किल्ल्याभोवतीचे अभयारण्य जेमतेम बारा चौरस किलोमीटरचे असल्यामुळे इतिहास आणि जंगल दोन्ही एका दिवसाच्या चालीत सामावतात.

या डोंगरांचे खरे रहिवासी प्रामुख्याने कोरकू आहेत. त्यांच्याबरोबर गोंड, निहाल आणि गवळी यांचीही वस्ती आहे. कोरकूंची भाषा मराठी किंवा हिंदीशी संबंधित नसून मुंडा या भाषाकुलातली आहे, ज्यातल्या संथाली, मुंडारी या भाषा झारखंड-ओडिशाकडे बोलल्या जातात, आणि या कुलातील सर्वांत पश्चिमेकडची भाषा म्हणून भाषाशास्त्रात तिला विशेष महत्त्व आहे. कोरकू गावाची रचना दुरूनही ओळखता येते: मध्ये रुंद रस्ता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांसमोर सलग रांगेत बांधलेली, स्वच्छ सारवलेली घरे. मृत व्यक्तींच्या स्मरणार्थ सागाच्या लाकडाचे कोरीव खांब उभारण्याची त्यांची प्रथा आहे, आणि त्या खांबांवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार अशा आकृती कोरलेल्या असतात. होळीनंतरचा फगवा हा वर्षातला मोठा सण असतो आणि त्या दिवसांत कामाच्या शोधात दूर गेलेली माणसेही गावी परततात. पर्यटकांनी या गावांकडे देखाव्याप्रमाणे पाहू नये, विचारल्याशिवाय घरांची आणि माणसांची छायाचित्रे घेऊ नयेत, एवढी किमान सभ्यता अपेक्षित आहे.

याच डोंगराच्या भूगोलाची एक कठोर बाजू मेळघाटच्या नावाशी दशकानुदशके जोडलेली आहे. १९९० च्या दशकापासून कुपोषण आणि बालमृत्यू यांमुळे हा प्रदेश राज्यभर चर्चेत आला. त्याच्या कारणांत दारिद्र्य, स्थलांतर आणि आरोग्यव्यवस्थेतील उणिवा तर आहेतच, पण पावसाळ्यात ओढे भरल्यावर तुटणारा संपर्क, घाटरस्त्यांवरचे अंतर आणि विखुरलेल्या वस्त्या यांचाही वाटा मोठा आहे. चिखलदऱ्याच्या धुक्यात आनंद घेणाऱ्याला जी भरलेली नदी सुंदर दिसते, तीच पलीकडच्या काठावरच्या आजारी मुलासाठी दवाखान्याच्या वाटेतला अडथळा असते. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातील काही गावांचे पुनर्वसन झाले, त्या मोकळ्या झालेल्या जागी गवताळ कुरणे वाढली आणि तृणभक्षी प्राणी परतले, हे संवर्धनाचे यश खरे आहे. मात्र मैदानात हलवलेल्या काही कुटुंबांना जमीन, पाणी आणि रोजगार यांच्या अडचणी आल्या आणि त्यांतले काही लोक पुन्हा जंगलाकडे वळले, हेही तितकेच खरे आहे. दुसरी वाटही येथेच दिसली आहे. अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावाला वनहक्क कायद्यानुसार २०१२ मध्ये सुमारे १९० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने उजाड टेकडीवर झाडे लावली, चराई आवरली, सीताफळांची विक्री स्वतःच्या हाती घेतली, आणि २०१४ मध्ये या कामाला जैवविविधता संवर्धनाचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला.

भ्रमंतीच्या दृष्टीने मेळघाटचे दोन स्पष्ट भाग पडतात. पहिला माथ्याचा. चिखलदरा हे विदर्भातील एकमेव थंड हवेचे ठिकाण. हैदराबाद संस्थानच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये ते इंग्रजांच्या नकाशावर आणले. येथे घेतले जाणारे कॉफीचे पीक ही महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच दिसणारी गोष्ट आहे. देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, भीमकुंड ही ठिकाणे पावसाळ्यात गर्दीने फुलतात. पंचबोल येथे दिलेली हाक अनेकदा परत ऐकू येते, कारण समोरचे उभे बेसॉल्टचे कडे वेगवेगळ्या अंतरांवर आहेत आणि प्रत्येकाकडून ध्वनी वेगळ्या वेळी परावर्तित होतो. येथे हाका मारण्यात लोकांचा जितका वेळ जातो, त्यातला थोडा त्या कड्यांच्या पायऱ्या मोजण्यात गेला, तर लाव्हाच्या प्रवाहांची संख्या डोळ्यांनी ताडता येईल. माथ्यावरचा प्रवास ऑगस्ट ते डिसेंबर या काळात सर्वांत समाधानकारक असतो. दाट धुक्याच्या दिवशी मात्र कठड्याबाहेर पाऊल टाकणे जिवावर बेतू शकते, कारण शेवाळलेला बेसॉल्ट अत्यंत निसरडा असतो.

दुसरा भाग खोऱ्यांचा. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल आणि धारणीमार्गे बऱ्हाणपूरकडे जाणारा रस्ता कडा चढून सिपनेच्या खोऱ्यात उतरतो, आणि या एका रस्त्यावर मेळघाटचा संपूर्ण आडवा छेद पाहायला मिळतो. सेमाडोह, कोलकास, हरिसाल आणि दक्षिणेला शहानूर येथून वनविभागाच्या परवानगीने, स्थानिक मार्गदर्शकासह सफारी होतात. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यात पर्यटनाला काही महिने बंदी घातली होती. त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी गाभ्यातील पर्यटनाचे क्षेत्र मर्यादित केले, आणि बफरमधल्या भ्रमंतीला त्यामुळे महत्त्व आले. मेळघाटच्या बाबतीत हा बदल इष्टच म्हटला पाहिजे, कारण बफरमध्ये पायी चालण्याची, पक्षिनिरीक्षणाची आणि गावात मुक्काम करण्याची शक्यता असते आणि पैसाही थेट स्थानिकांच्या हाती जातो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणांवर बसून प्राण्यांच्या नोंदी घेण्याची प्रथा विदर्भात रुळलेली आहे. वाघांची अधिकृत गणना आता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होते, तरी पूर्ण चंद्रप्रकाशात, पाणी सर्वांत कमी असताना जंगलाचा एक कोपरा रात्रभर शांतपणे पाहणे हा सामान्य नागरिकासाठी फार मोठा अनुभव आहे. त्यासाठी मोबाइल बंद ठेवणे, अत्तर न लावणे आणि पहाटेपर्यंत खाली न उतरणे एवढी शिस्त लागते.

उन्हाळा हा वन्यजीव दिसण्याचा आणि त्याच वेळी वणव्याचाही काळ असतो. गळालेली सागाची पाने जाड थराने जमिनीवर पसरतात आणि एक ठिणगी किती दूर जाईल हे सांगता येत नाही. वनविभाग हिवाळ्याअखेरीस जाळरेषा, म्हणजे पाला काढून मोकळे ठेवलेले पट्टे, तयार करतो, पण तीव्र उतारावर आग वरच्या दिशेने इतक्या वेगाने चढते की हे पट्टेही अपुरे पडतात. त्यामुळे फेब्रुवारी ते जून या काळात जंगलात चूल, सिगारेट किंवा शेकोटी यांना पूर्ण मज्जाव असणे योग्यच आहे.

जंगलातील वाहतुकीचा प्रश्न या प्रदेशाला वेळोवेळी भेडसावतो. अकोला-खंडवा या मीटरगेज रेल्वेमार्गावर धूळघाट येथे गाडी स्वतःच्याच मार्गावरून वळसा घेऊन चढत असे. तीव्र चढ कमी करण्यासाठी अभियंत्यांनी योजलेला हा गोल फेरा भारतात अगदी थोड्या ठिकाणी होता. रुंदीकरणाच्या वेळी हा मार्ग व्याघ्रप्रकल्पातूनच न्यावा की बाहेरून वळवावा, यावर प्रदीर्घ वाद झाला. जास्त वेगाच्या, वारंवार धावणाऱ्या गाड्या अरण्याचे दोन तुकडे करतात, हा आक्षेप निराधार नाही, आणि सिपनेच्या खोऱ्यातल्या घाटरस्त्यावरून सुट्टीच्या दिवशी धावणाऱ्या वाहनांनाही तो तितकाच लागू पडतो.

मेळघाट समजून घेण्यासाठी किमान तीन दिवसांचा, दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा क्रम सोयीचा ठरतो. पहिल्या दिवशी अचलपूरच्या मैदानातून निघून मध्य प्रदेशाच्या हद्दीतील मुक्तागिरी येथे जावे, जेथे धबधब्याच्या दोन्ही बाजूंना कड्याच्या पायऱ्यांवर ५२ जैन मंदिरे उभी आहेत आणि कड्याची रचना अगदी जवळून पाहता येते. तेथून परत येऊन चिखलदऱ्याला चढावे. दुसऱ्या दिवशी गाविलगड आणि वैराट पाहून दोन्ही बाजूंचे पाणलोट न्याहाळावेत, आणि दुपारनंतर सेमाडोहला उतरावे. तिसरा दिवस सिपनेच्या काठाने कोलकास आणि हरिसालपर्यंत आणि तेथून धारणीकडे. पाऊस जोरात असेल तर तिसऱ्या दिवसाचा बेत रद्द करण्याची तयारी ठेवावी, कारण नाल्यांवरचे कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात. सफारीची परवानगी आणि मुक्काम आधी निश्चित केल्याशिवाय निघू नये. आणि धारणीचा आठवडी बाजार ज्या दिवशी असेल तो दिवस शक्यतो प्रवासात धरावा, कारण मोहाची फुले, चारोळी, कुटकी आणि बांबूच्या टोपल्या घेऊन डोंगरातून उतरलेली माणसे तेव्हा एकत्र भेटतात.